क्रीम, इंजेक्शन आणि कपाळावरच्या आठ्या

हे मी मराठीत का लिहिते आहे ते आधी सांगून टाकते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी ते आजच वाचलं असतं. पण माझं इंग्रजी एकतीस वर्षं ऑफिसातच वापरलं गेलं. चिंचवडच्या एका कारखान्यात मी आधी स्टेनो होते, नंतर मॅनेजरसाहेबांची सेक्रेटरी. अजूनही इंग्रजीत लिहायला बसले की पहिलं वाक्य 'विथ रेफरन्स टू'ने सुरू होतं आणि खाली सहीसाठी चार ओळी आपोआप सुटतात. नातवंडांना असलं पत्र कोण पाठवतं? शिवाय मराठीत लिहिलं की तुम्हाला ते आईकडून वाचून घ्यावं लागेल. तेवढ्या निमित्ताने तिघं एका सोफ्यावर बसाल, असा माझा बेत आहे.

जानेवारीतल्या एका रविवारची गोष्ट. आपला फोन रविवारी सकाळी आठला असतो, तेव्हा तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. साडेसातला माझी तयारी झालेली असते. केस, इस्त्रीची साडी, टॅबलेट चहाच्या डब्याला टेकवून बरोबर माझ्या तोंडासमोर. त्या दिवशी दादा त्याच्या शाळेतल्या कसल्याशा रोबोटबद्दल सांगत होता. आवाज तुटत होता, म्हणून मी पुढे वाकून त्याच्या ओठांकडे नीट बघायला लागले. तेवढ्यात तू, धाकटी, आईच्या मांडीवरून उतरलीस आणि म्हणालीस, "आज्जी अँग्री आहे." मग सोफ्याच्या मागे जाऊन बसलीस. पाच वर्षांची होतीस तेव्हा.

तुमची आई हसली, मीही हसले. पण पुढच्या रविवारी तू लांबूनच हात हलवलास. त्याच्या पुढच्या रविवारीसुद्धा.

नोव्हेंबरात तुम्ही सगळे तीन आठवड्यांसाठी इकडे येणार होतात. यापूर्वी आलात तेव्हा तू दीड वर्षाची होतीस आणि दुपारभर माझ्या खांद्यावर झोपायचीस. ते तुला आठवत असणं शक्य नाही. म्हणजे विमानतळावर मी तुझ्यासाठी नवीनच कुणीतरी असणार होते. तू माझ्याकडे येणार की आईच्या पायामागे लपणार, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या कुणाला तो लहान वाटेल. मला त्या वर्षभरात दुसरा प्रश्नच नव्हता.

फोन बंद केल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. दोन भुवयांच्या मध्ये, पूर्वी जिथे कुंकू लावायचे त्याच्या दोन्ही बाजूंना, दोन उभ्या रेघा होत्या. वर कपाळावर तीन आडव्या. उभ्या रेघा ऑफिसच्या. साहेब भराभर बोलायचे, माझी पेन्सिल मागे पडू नये म्हणून भुवया जवळ यायच्या. घरी आल्यावरही त्या तशाच राहायच्या. मी जेवताना आमटीकडे बघत विचारात पडले की तुमचे आजोबा म्हणायचे, "डिक्टेशन संपलं, आता जेव." ते गेल्यापासून माझ्या कपाळाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. सहा वर्षांनी बोललीस ती तू.

तुमच्या आईला मी सहज म्हणून विचारलं, या आठ्यांवर काही करता येतं का. मला वाटलं ती थट्टा करेल. पण ती लगेच म्हणाली, हल्ली त्यात काही विशेष नाही, चांगल्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घे, क्रीमवर वेळ घालवू नकोस. इंजेक्शनाचा परिणाम दोन आठवड्यांत दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो, हेही तिनेच सांगितलं. तिला हे सगळं कसं माहीत, हे मी विचारलं नाही. परदेशात राहणाऱ्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, हे मी कधीच मान्य करून टाकलं आहे.

मी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे क्रीम, उजवीकडे इंजेक्शन. दोन मशीनांची कोटेशनं आली की साहेबांसाठी मी असाच तक्ता करून द्यायचे. क्रीमला सहा महिने लागतात, तर ते आत्ताच सुरू करायला हवं. इंजेक्शन तुम्ही येण्याच्या तीन आठवडे आधी घ्यायला हवं. म्हणजे आधी क्रीम करून बघावं, जमलं नाही तर इंजेक्शन आहेच. वहीत हे फार सुंदर दिसत होतं.

रावेतमध्ये आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर औषधांचं दुकान आहे. तिथल्या मुलीने एक ट्यूब दिली आणि समजावून सांगितलं की वाटाण्याएवढंच घ्यायचं, रात्रीच लावायचं, सुरुवातीला एक दिवसाआड, आणि सकाळी उन्हासाठीचं वेगळं क्रीम लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मी ऐकलं, घरी येऊन वहीत लिहिलंही. पण मी आयुष्यभर वेळेच्या आधी काम संपवणारी बाई. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत होत असेल तर का करू नये? मी ते रोज लावलं, सकाळ-संध्याकाळ लावलं, आणि रेघांमध्ये बोटाने दाबून भरलं, रंगारी खिळ्याच्या भोकात लांबी भरतात तसं.

दहाव्या दिवशी कपाळ लाल झालं. बाराव्या दिवशी भाजलेल्या पापडासारखे पोपडे सुटायला लागले. त्या रविवारी मी खिडकीकडे पाठ करून बसले, म्हणजे तोंडावर अंधार राहील. तुम्हाला फक्त एक काळी आकृती दिसली असेल. तू त्या दिवशी फोनवर आलीच नाहीस.

आमच्याच मजल्यावर समोर एक बाई राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला बाई म्हणतात. मूळच्या चिखलीच्या. जिथे त्यांची ज्वारी व्हायची तिथे आता इमारती आहेत. मुलाच्या हट्टाखातर त्या इथे नवव्या मजल्यावर राहायला आल्या, आणि मुलगा दिवसभर गाडी घेऊन बाहेर. त्यांची सून चिखलीत ब्यूटी पार्लर चालवते. त्या एक वाटी लोणी घेऊन आल्या, माझं कपाळ बघून ती वाटी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. मी खरं काय ते सांगितलं.

"कशापायी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नात घाबरते.

त्या खाली बसल्या, लोणी माझ्या हातात दिलं आणि आपली गोष्ट सांगायला लागल्या. गेल्या वर्षी त्यांच्या नातीचं लग्न झालं. चाकणच्या कंपनीतला मुलगा, मोठं कार्यालय, ड्रोनने शूटिंग. सुनेला वाटलं, सासूबाई फोटोत चांगल्या दिसायला हव्यात. तिने त्यांना एका ठिकाणी नेऊन कपाळाला इंजेक्शनं देववली. "सात टोचली. मुंगी चावल्यावानी. आठ दिसांत कपाळ असं झालं, जशी न्हाणीची फरशी."

लग्न लागेपर्यंत सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, त्यांनाही बरं वाटत होतं. मग पाठवणीची वेळ आली. नात गळ्यात पडून रडायला लागली, याही रडायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कपाळ जागचं हलेना. ते सगळं शूटिंगमध्ये आलं.

"नणंद मोठ्यानं बोलली, सगळ्यांम्होरं," वहिनी म्हणाल्या. "नात चालली सासरला, आन् हिच्या तोंडावर दुखाची रेघ न्हाई. आता माझ्या आतड्याला पीळ पडला हुता, त्यो हिला कसा दावू? कापून दावू?"

मी विचारलं, मग आता?

"आता गेलं ते. चार महिन्यांत पुन्हा पहिल्यावानी. पर ती शूटिंग हाय ना. दर सणाला लावत्यात टीव्हीवर, आन् मला हसत्यात." त्या स्वतःही हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमची नात लहान आहे, तिला काय कळतंय, घ्या इंजेक्शन. आणि जाताना, ते क्रीम आज लावू नका, लोणी लावा.

जूनमध्ये मी चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण डॉक्टरीण होती, मला आजी म्हणत होती. माझं क्रीम-प्रकरण ऐकून तिने हसू दाबलं. मी वही काढून तक्ता तिच्यापुढे ठेवला, तेव्हा मात्र ती गंभीर झाली आणि एकेक रकाना वाचून दुरुस्त करत गेली.

तिने सांगितलं ते असं. क्रीम कातडीच्या वरच्या थरांवर काम करतं. ते बारीक सुरकुत्या थोड्या मऊ करेल, डाग फिके करेल, तेही काही महिन्यांनी, आणि लावणं थांबवलं की हळूहळू सगळं मूळपदावर येतं. आठी मात्र कातडी घालत नाही, आतला स्नायू घालतो, आणि क्रीम तिथवर पोचत नाही. इंजेक्शन त्या स्नायूला तात्पुरतं सुस्त करतं. पण इतक्या वर्षांची घडी कातडीत बसलेली असते, ती माझ्या वयाला पूर्ण जाईलच असं नाही. खड्डा भरून काढण्याचं इंजेक्शन वेगळं असतं. भुवयांच्या मध्ये ती ते कधीच देत नाही, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जातात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं म्हणाल तर उन्हासाठीचं क्रीम, पण ते चाळीस वर्षांपूर्वी सुरू करायला हवं होतं. तुमचे आजोबा कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. त्यांनी हे दोन वाक्यांत सांगितलं असतं. एक पॉलिश आहे, दुसरं म्हणजे नट ढिला करणं.

मी म्हटलं, नट ढिला करू या. ऑक्टोबरच्या शेवटी.

ती म्हणाली, आधी स्नायू किती जोरकस आहे ते बघू. मग खुर्ची पुढे ओढून माझ्या कपाळाजवळ तोंड आणून म्हणाली, "आजी, आता जोरात रागावून दाखवा."

मी प्रयत्न केला. ती म्हणाली, अजून. घरी कुणावर रागावता तशा रागवा.

आणि मला कुणी आठवेना. घरात रागवायला माणूस लागतं. कामवाली बाई वेळेवर येते, वेळेवर जाते. ओला टॉवेल पलंगावर टाकणारे गेले, परीक्षेच्या आदल्या दिवशी कादंबरी वाचणारी परदेशात गेली. शेवटचं मी कुणावर आणि कधी रागावले होते, हे आठवत मी त्या खुर्चीत बसून राहिले. डॉक्टरीण वाट बघत होती. शेवटी मी म्हटलं, मला नाही जमत.

"जाऊ दे," ती म्हणाली. "हा फॉर्म वाचून घ्या तोवर."

मी फॉर्म हातात घेतला, दोन ओळी वाचल्या असतील. ती एकदम म्हणाली, हलू नका. तिने आरसा माझ्यापुढे धरला. माझ्या भुवया एकमेकींना चिकटल्या होत्या. ती दोन्ही रेघांवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, या रागाच्या नाहीत. तुम्हाला दिसत नाहीये." आधी डोळे तपासून या, मग आपण इंजेक्शनाचं बोलू, असं सांगून तिने मला पाठवून दिलं. त्या दिवशी फक्त सुई नसलेला सल्ला मिळाला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा पिकलेला होता, तो आधी काढायचा ठरला. तुमच्या आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मी येऊ का? मी म्हटलं, छे, वीस मिनिटांचं काम. तेही खरंच होतं. पण दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबतच्या व्यक्तीचं नातं' असा रकाना असतो आणि तो रिकामा सोडता येत नाही. वहिनी माझ्याबरोबर आल्या होत्या. काऊंटरवरच्या मुलीने विचारलं, या कोण तुमच्या? मी म्हटलं, शेजारीण. ती म्हणाली, नातं लिहा. वहिनींनी पुढे वाकून सांगितलं, "बहीण लिव्ह." त्यांनी सही केली, एकेक अक्षर कोरून, आणि मी बाहेर येईपर्यंत माझी पर्स छातीशी धरून बसल्या.

तिसऱ्या दिवसापासून नीट दिसायला लागलं. पडदे मी समजत होते तसे पिवळट नव्हते, पांढरे होते. ओट्यामागच्या फरशीवर तेलाचे थेंब होते, कोण जाणे केव्हापासूनचे. खिडकीतून एक्सप्रेसवेवरच्या गाड्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या. आणि आरशात एक अशी बाई दिसली, जिच्या गालांवर, ओठांभोवती, गळ्यावर मी कधी न मोजलेल्या सुरकुत्या होत्या. पाच रेघांसाठी मी तक्ता करत बसले होते. मला हसू आलं. ते कुणाला सांगावं म्हणून समोरचं दार वाजवलं, तर वहिनी चाकणला नातीकडे गेलेल्या.

मग सप्टेंबरातला तो रविवार आला. माझ्या डोळ्यांवर दवाखान्याने दिलेला काळा चष्मा होता. तुमच्या आईने डोळ्याची चौकशी केली, थेंब वेळेवर घालतेस ना विचारलं. मी म्हटलं, दिवसातून सहा वेळा, गजर लावून. मग ती म्हणाली, "आई, नोव्हेंबरचं जमत नाहीये गं. रजा मिळत नाही. बाकी सगळं ठीक आहे."

मी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघितलं.

तुमच्या आईबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तिच्या डाव्या भुवईच्या वर एक तिरपी रेघ उमटायची. फक्त ती काहीतरी लपवत असताना. आठवीत गणिताचा पेपर तिने दप्तरात पुस्तकाच्या कव्हराखाली ठेवला होता, तो मी त्या रेघेवरून शोधला. तुमच्या बाबांबद्दल ती 'नुसता ऑफिसातला मित्र' म्हणाली, तेव्हा ती रेघ अर्ध्या कपाळापर्यंत गेली होती. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नाही. आईजवळ अशी एखादी किल्ली असावी लागते.

'बाकी सगळं ठीक आहे' म्हणताना ती रेघ उमटली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण रेघच काय, काहीच उमटलं नाही. तिच्या डोळ्यांखाली थकवा होता, ओठाचा कोपरा हलत होता, आणि वर कपाळ मात्र वहिनींच्या न्हाणीच्या फरशीसारखं. मला तिच्या 'दोन आठवड्यांत दिसतो, तीन-चार महिने टिकतो' या वाक्याची आठवण झाली. किती दिवस मी त्या कपाळाकडे बघून समाधानाने टॅबलेट बंद करत होते, कोण जाणे. मला वाटत होतं, मुलगी सुखात आहे.

मी काही बोलणार, इतक्यात तू पडद्यावर आलीस. तुला काळा चष्मा हवा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तू इतक्या जवळ आलीस की मला तुझ्या पडलेल्या पुढच्या दाताची जागा दिसली. मी चष्मा तुला दाखवायला पुढे धरला आणि तू माझ्या कपाळाकडे बघून थांबलीस.

"अँग्री?" तू विचारलंस.

मी म्हटलं, नाही, बघते आहे. मला दिसत नव्हतं म्हणून असं व्हायचं. आणि खरंच रागावले की कशी दिसते, ते दाखवू?

मी रागावून दाखवलं. डॉक्टरांकडे जमलं नव्हतं, ते त्या दिवशी जमलं. तू किंचाळून मागे गेलीस, मग हसत परत आलीस. मी म्हटलं, आता तू. तू दोन्ही मुठी आवळल्यास, श्वास धरलास, आणि तुझ्या गुळगुळीत कपाळावर दोन बारीक रेघा आल्या आणि लगेच पुसल्या गेल्या. पुन्हा कर, मी म्हटलं. तू पुन्हा केलंस. दादाने एक मोठी, नाटकातल्या राक्षसासारखी आठी घातली. आपण तिघं एकमेकांवर रागावत होतो आणि हसत होतो. मग तू मागे वळून आईला ओढलंस. आई, तू कर.

तुमच्या आईने प्रयत्न केला. मी बघत होते. तिचे डोळे बारीक झाले, नाक आक्रसलं, कपाळ तसंच राहिलं.

तू तिच्या कपाळाला बोट लावलंस आणि मला सांगितलंस, "आईला येत नाही."

तेव्हा मला कळलं की तू माझ्या आठ्यांना का घाबरलीस. तू रोज बघतेस त्या चेहऱ्यावर आठी पडतच नाही. चिडली तरी नाही, थकली तरी नाही. आठी ही वस्तूच तुला फक्त माझ्याकडे दिसली होती.

तुम्ही दोघं हात धुवायला गेलात. तुमची आई टॅबलेट उचलून बाजूला ठेवणार, इतक्यात मी तिला थांबवलं. आजवर मला तिला विचारावं लागलं नव्हतं, बघितलं की कळायचं. त्या दिवशी मी शब्दांत विचारलं.

"तू बरी आहेस ना? मला तुझ्या तोंडावरून कळत नाहीये."

तुम्ही गेलात त्या दिशेला तिने एकदा बघितलं. मग म्हणाली, "मुलं झोपली की करते."

मी साडेआठपासून साडेदहापर्यंत टॅबलेटसमोर बसून होते. मध्ये डोळ्यात थेंब घालण्याची वेळ झाली, गजर वाजला, मी तिथेच बसून थेंब घातले. डोळे मिटून बसायचं असतं पाच मिनिटं, पण मी एकच डोळा मिटला.

पुढचं मी तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, मुलांना आता माहीत आहे.

तिची नोकरी मार्चमध्ये गेली होती. मला सांगायचं नाही असं तिनेच तुमच्या बाबांना बजावलं होतं. मी एकटी असते, उगाच काळजी करीन म्हणून. ऑफिसात माणसं कमी करण्याची कुजबुज त्याच्या वर्षभर आधीपासूनच होती, तेव्हाच तिने पहिल्यांदा इंजेक्शन घेतलं. नोकरी गेल्यावर मुलाखती सगळ्या पडद्यावर, समोर तिशीतली मुलं. त्यांना ती दमलेली दिसू नये म्हणून पुन्हा घेतलं, जुलैमध्ये शेवटचं. उपयोग झाला का, मी विचारलं. ती म्हणाली, दोन ठिकाणी सांगितलं की तुमचा अनुभव फार जास्त आहे. ते कपाळावर लिहिलेलं नसतं, आई, ते कागदावर असतं.

मग ती रडली. मी बघत होते. वहिनींच्या नणंदेने जे बघितलं होतं तेच असणार ते, डोळ्यांतून पाणी आणि वर काही नाही. फक्त मी त्या नणंदेसारखी फसणार नव्हते. मी तिला सांगितलं की गणिताचा पेपर मला कसा सापडला होता. तिला आधी पटेना. मग ती रडता रडता डाव्या भुवईवर बोट फिरवून बघायला लागली, जसं काही तिथलं कुणीतरी काढून नेलं आहे.

ती म्हणाली, आता नाही घेणार, निदान नोकरी मिळेपर्यंत तरी नाही. तिचं कपाळ आहे. मीही ऑक्टोबरच्या इंजेक्शनाचा बेत रद्द करून डॉक्टरिणीला कळवलं. डॉक्टरीण म्हणाली, आजी, रात्रीचं क्रीम वाटाण्याएवढं लावत राहा, आणि उन्हाचं विसरू नका. ते मी करते. वहिनींना अर्धी ट्यूब दिली. त्या ती टाचांच्या भेगांना लावतात आणि गुण येतो म्हणतात.

तू आता रविवारी पडद्याला नाक लावून बसतेस आणि मी आले की आधी रागावून दाखवतेस. दादाला माझ्याशी बोलायचं असलं तर तुला बाजूला ढकलावं लागतं. माझं काम झालं, असं वहीत लिहायला हरकत नाही. फक्त ते नऊ हजार मैलांवरून झालं, आणि मांडीवर अजून कुणी बसलेलं नाही.

हे लिहिते आहे तो ऑक्टोबर आहे. जुलैपासून मोजलं तर तुमच्या आईच्या कपाळातलं औषध नोव्हेंबरच्या सुमारास उतरायला हवं. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही येणार होतात, त्या महिन्यात ती तिरपी रेघ येईल. गेले दोन रविवार तुम्ही दोघं एकमेकांना ढकलत असता तेव्हा मी तुमच्या मागे बघते, जिथे ती ओट्याशी उभी राहून तुमचं जेवण वाढत असते. मी विचारते, कशी आहेस, ती म्हणते, ठीक. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, तरी एका डोळ्याने आता पुष्कळ दिसतं. डावी भुवई, तिच्या वरची जागा. अजून काही दिसलेलं नाही.